करकोचे उठायच्या आधी

त्या बेटाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे चारचाकींची रांग लागेल, कुणीतरी गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी लावेल आणि कुणीतरी चिवड्याची रिकामी पिशवी पाण्यात सोडून येईल. नाशिककरांना मी चांगली ओळखते, त्यांच्यातलीच आहे. तेव्हा एवढंच सांगते, की निफाडच्या बाजूला गोदावरीवर एक बंधारा आहे, त्याच्या मागे पाण्याचा मोठा फुगवटा आहे आणि त्या फुगवट्यात हे बेट आहे. बेट तरी केवढं? आमच्या शाळेचं मैदान त्याहून मोठं असेल. चार बाभळी, काठाला पाणकणीस, मधे थोडा खडकाळ उंचवटा. पावसाळ्यात बाभळींचे नुसते शेंडे दिसतात. थंडी सरली, कालव्यांना पाणी सुटलं, की बेट हळूहळू वर येतं. त्याच्याभोवती चिखलाचा काठ उघडा पडतो आणि उत्तरेकडे परत निघालेली पाखरं त्या चिखलावर जत्रेसारखी उतरतात.

हिवाळ्यात पक्षी बघायला सगळेच जातात. गरम टोप्या, थर्मास, भलेमोठे कॅमेरे. मी जाते ती होळीच्या मागेपुढे, जेव्हा ऊन चटके द्यायला लागतं आणि बाकीच्यांचा उत्साह आटतो. कारण जायच्या आधीची पाखरं जशी दिसतात ना, तशी ती आलेली असताना दिसत नाहीत. नोव्हेंबरात आलेला पिवळा धोबी मळकट, थकलेला, ओळखूसुद्धा येत नाही. तोच मार्चमध्ये असा हळदीसारखा पिवळा होतो की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. लांब चोचीचे मालगुजे आल्यावर राखाडी असतात, जाताना मानेपासून छातीपर्यंत विटकरी रंगाचे होतात. चिखलात चोच खुपसून ते इतकं भराभर खातात की बघणाऱ्याला धाप लागावी. पुढे हजारो मैल जायचंय, खाल्लंच पाहिजे. परगावी निघालेल्या माणसाला आई ताटावरून उठू देत नाही, तशी ती लगबग असते. मला ती फार आवडते.

पण मी तिथे जायला लागले ती काही पाखरांच्या प्रेमाने नाही. माझ्या वडिलांसाठी गेले. दादांना करकोच्यांचा आवाज ऐकायचा होता. कान पुरते मिटायच्या आत, एकदा.

दादांचं लहानपण त्याच नदीकाठच्या एका गावात गेलं. हिवाळ्यात हरभऱ्यात करकोचे उतरायचे, उंच, राखाडी, काळ्या मानेचे, आणि त्यांना हाकलायचं काम घरातल्या पोरांचं. हातात पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन दिवसभर बडवत फिरायचं. हिवाळाभर ज्यांना शिव्या घातल्या, त्यांनाच फाल्गुनात निरोप द्यायला हीच पोरं बांधावर उभी राहायची. उन्हं तापली की करकोचे आभाळात गोल गोल चढायचे, आणि खालून पोरं त्यांच्याच आवाजात ओरडायची. आवाज अस्सल निघाला तर जाणारा थवा गावावर एक फेरा जास्त मारतो, अशी समजूत होती. ज्याच्या हाकेला थवा फिरला तो त्या वर्षीचा राजा. दादा म्हणे बऱ्याचदा राजा असायचे. ‘म्हणे’ अशासाठी, की मी तो आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. आई सांगायची, “लग्न होऊन आले, तर हा माणूस मळ्यात उभा राहून पाखरासारखा वरडतोय. म्हटलं, झालं, पदरात वेडा पडला.”

पुढे मळ्यात भावांचे वाटे पडले आणि दादा अंबडला एका कारखान्यात लागले. प्रेस शॉपमध्ये. पत्रा आत जातो, वरून हातोडा पडतो, आकार बाहेर येतो. अशा मशिनी ओळीने, दिवसरात्र. लहानपणी एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेटपर्यंत गेले होते. गेटवर उभं राहूनसुद्धा तो दणदणाट दातांत जाणवत होता. कानात घालायला बोळे मिळायचे, पण घामाने खाज सुटते म्हणून कुणी घालत नसे. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथल्या लोकांनी आपली हातांची एक भाषा केली होती. ती कुठे शिकवत नव्हते. नवा माणूस महिन्याभरात आपोआप शिकायचा. शर्टाची कॉलर चिमटीत धरून हलवली, की साहेब येतोय. बोट हवेत गोल फिरवलं, की मशीन चालू आहे का? तळहात खाली दाबला, की हळू घे. तपासनिसाने डाव्या तळहातावर उजवी मूठ आपटली, म्हणजे माल पास झाला, शिक्का बसला. आणि एका तळहाताने दुसरा पुसून टाकला, तर माल नापास, भंगारात.

आमच्या घरातही हे सगळं चालायचं. आईने भाजीत मीठ जास्त घातलं, की दादा मुकाट्याने तळहात पुसायचे, आणि पुढचं संभाषण मात्र मुकाट्याने होत नसे. आणखी एक सवय कारखान्यातून घरी आली होती. मशीनचं बेअरिंग बिघडलंय का, हे बघायला ते लांब पेचकसाचं टोक मशीनला लावायचे आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायचे. बाहेर कितीही दणदणाट असो, आतली खरखर हाडातून कळते, असं त्यांचं म्हणणं. घरी मिक्सर कुरकुरला, की पेचकस शोधायचा कंटाळा म्हणून ते लाटणंच लावायचे. पोळ्यांच्या वेळी लाटणं कानाला लावून बसलेला नवरा बघून आईचा जो पट्टा सुटायचा, तो मात्र त्यांना तेव्हा व्यवस्थित ऐकू यायचा.

निवृत्त झाले आणि हळूहळू लक्षात आलं, की त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही. मग कुकरची शिट्टी. मग नातवंडं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की अशा कामाने कान जातात तेव्हा बारीक आवाज आधी जातात आणि जाड आवाज शेवटी. दादांनी त्यातला कामाचा तेवढा भाग उचलला. “करकोच्याचा आवाज जाड असतो,” ते घरी येताना म्हणाले. “तो अजून असणार.” मी मान डोलावली, पण त्यांच्या मनात तो इतकी वर्षं होता, याचंच मला नवल वाटत राहिलं.

कानाचं मशीन घेतलं. ते घालून मी त्यांना स्कूटरवर पहिल्यांदा बाहेर काढलं आणि नेमकी द्वारका चौकातून गेले. संध्याकाळची वेळ. ट्रक, रिक्षा, बस, सगळ्यांचे हॉर्न एकदम त्यांच्या कानात. घरी येईपर्यंत मशीन शर्टाच्या खिशात गेलं होतं आणि ते तिथून पुन्हा फारसं बाहेर आलं नाही. हळूहळू त्यांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं. काय म्हणालात, म्हणून दोनदा विचारलं की लोक हसतात, तिसऱ्यांदा विचारलं की खेकसतात. ऐकू न येणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा झालाय हेही कळत नाही, त्यामुळे ते बोलले की खोलीतले सगळे वळून बघायचे. मग ते बोलेनासे झाले. टीव्हीचा आवाज बंद ठेवून नुसती चित्रं बघत बसायचे. मला ते बघवत नसे. मी शाळेत शिकवते, साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचतो, आणि माझ्या स्वतःच्या बापापर्यंत पोचत नाही, याचा मला संताप यायचा.

म्हणून एका फाल्गुनात मी त्यांना पक्षी बघणाऱ्या एका गटाबरोबर त्या पाण्यावर नेलं. सगळी माणसं शिकलेली, पाय न वाजवता चालणारी, कुजबुजत बोलणारी. करकोचे समोरच्या काठावर उतरले होते. सगळ्यांनी श्वास धरला होता. आणि दादांना ते दिसले. इतक्या वर्षांनी दिसले. “अगं, ते बघ! तेच ते! हरभऱ्यातले!” प्रेस शॉपच्या आवाजात ओरडले ते. चिखलावरची बदकं उठली, टिटव्यांनी आकांत मांडला, आणि करकोचे एकही आवाज न करता पाण्यावरून लांब निघून गेले. गटातल्या एका बाईने दादांकडे असं बघितलं, की मला तिच्या दुर्बिणीची वादी तिच्याच गळ्यात आवळावीशी वाटली. दादांना शब्द ऐकू आले नाहीत, नजर मात्र कळली. परत येताना गाडीत ते म्हणाले, “मला आता कुठं नेत जाऊ नको.” तेही इतक्या हळू, की मला दोनदा विचारावं लागलं.

त्यानंतर दादा मोठ्याने बोलले नाहीत. कुणाशीच नाही.

पण मी त्यांचीच मुलगी आहे. पुढच्या वर्षी मी गट सोडला आणि काठावरचा एक होडीवाला गाठला. मासेमारी करणारा, माझ्याच वयाचा, सतत काहीतरी बडबडणारा माणूस. मी त्याला म्हटलं, आम्हाला सकाळी त्या बेटावर सोड आणि दुपारी घेऊन ये, पण माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. तो म्हणाला, “मंग काय झालं ताई? माशाला बी येत नाय. लय हलू नका म्हणजे झालं, होडी बारकी हे.” दादांना आईने पटवलं. कसं ते ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की भल्या पहाटे मी सिडकोत त्यांच्या दारात पोचले तेव्हा ते भाकरी-चटणीचा डबा आणि लाकडी मुठीची काळी छत्री घेऊन जिन्यावर बसलेले होते, आणि आई वरून म्हणाली, “घेऊन जा यांना. रोज माझ्या लाटण्याच्या मागं लागलेत.”

आणि त्या बेटावर एक गंमत झाली. तिथे कुणीच बोलायचं नव्हतं. मलाही नाही, आणि परत न जाता आमच्याबरोबरच थांबलेल्या होडीवाल्यालाही नाही. आम्ही तिघं बाभळीखाली बसलो, आणि थोड्या वेळाने दादांचे हात आपोआप चालू झाले. मी बेसावधपणे उभी राहिले, तर त्यांनी तळहात खाली दाबला. हळू घे. मग त्यांनी कोपराने मला ढोसलं आणि कॉलर चिमटीत धरून हलवली. मला कळेना इथे साहेब कुठून आला. त्यांनी हनुवटीने दाखवलं तिकडे बघितलं, तर पाणकणसांवरून एक दलदल ससाणा पंख उचलून संथपणे येत होता, आणि तो जसजसा पुढे सरकत होता तसतशी खालची बदकं माना ताठ करून, उगाच इकडून तिकडे पोहत, खूप काम असल्यासारखं करत होती. दादा इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज न करता हसले. मीही तशीच हसले.

तेव्हापासून त्या पक्ष्याला आमच्याकडे साहेबच म्हणतात. हळूहळू प्रत्येकाची खूण ठरली. थापट्या बदकाची चोच पसरट, म्हणून त्याला गवंड्याची थापी. पट्टकादंब हंसांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, म्हणून कपाळावर दोन बोटं आडवी. हे हंस हिमालय ओलांडून जातात, हे मी खुणांनी सांगायला गेले, पण हिमालयाची खूण मला जमेना. होडीवाल्याने दोन्ही हातांनी हवेत मोठा त्रिकोण काढला आणि त्यावरून फुर्रकन हात नेला. दादांनी लगेच डाव्या तळहातावर मूठ मारली. पास. तो पठ्ठ्या कधी अंबडला गेला नव्हता, पण महिनाभराची भाषा एका सकाळीत शिकला, आणि ती शिकत असताना एकदाही बडबडला नाही.

दादांची नजर बघून मी थक्क व्हायचे. आयुष्यभर पत्र्यावरचा केसाएवढा ओरखडा शोधलेला माणूस. मला दुर्बिणीतूनही नुसता चिखल दिसायचा, तिथे त्यांना चिखलाच्याच रंगाचा बारका शंकर पक्षी दिसायचा, आणि तो वळला की गळ्यावरचा निळा पट्टा चमकायचा. काठावरच्या विजेच्या तारेवर माळभिंगऱ्या जमल्या, की त्यांच्यातली कुठली आधी उडणार हे ते बोटाने सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. भोरड्यांचा थवा बाभळींवर वळला, की ते टोपी काढून मांडीवर ठेवायचे. का, ते मी विचारलं नाही. मलाही काढायला टोपी असती तर मी काढली असती. घरी भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस या चार बाभळींखाली सकाळपासून दुपारपर्यंत गप्पा मारत होता, आणि त्या ऐकायला मला माझा मोठा आवाज नाही, फक्त डोळे लागत होते.

फक्त करकोचे काही जमत नव्हते. एका वर्षी आम्ही पोचायच्या आधीच निघून गेले होते. त्याच्या पुढच्या वर्षी होते, पण फार लांब, पलीकडच्या काठाला. उठले तेही तिकडूनच, वारा उलटा, मलाच जेमतेम काहीतरी ऐकू आलं. दादांनी बोट हवेत गोल फिरवून विचारलं, चालू आहे का? मी होकाराची मान डोलावली. ते म्हणाले, पुढच्या वर्षी. हेही खुणेनेच, खांद्यावरून हात पुढे टाकून.

यंदा माघात पुन्हा कान तपासले. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, की आता जाड आवाजही कमी होत चाललेत. दादा समोरच बसले होते. त्यांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घरी आल्यावर कोपऱ्यातली छत्री काढून तिची काडी तेल घालून नीट केली. होळीला अजून अवकाश होता.

फाल्गुनात आम्ही निघालो त्या पहाटे द्वारका अजून रिकामी होती. निफाडजवळ द्राक्षांच्या क्रेटनी भरलेले ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते. काठावर होडीवाला आमचीच वाट बघत होता, आणि लांबूनच त्याने दोन्ही हात उंचावून मान लांब केली. करकोच्याची खूण. आहेत! मग बेटाकडे बोट दाखवलं. बेटावरच आहेत!

आम्ही बेटाच्या मागच्या अंगाने, पाणकणसाच्या आडून उतरलो. दादा गुडघे दुखत असूनही वाकून चालले. खडकाळ उंचवट्याच्या मागे बसलो आणि हळूच डोकं वर काढलं. समोर, त्याच चिखलाच्या काठावर, ते होते. मी इतक्या जवळून कधीच बघितले नव्हते. राखाडी रंग, पण काय राखाडी! सकाळच्या उन्हात त्यात निळी झाक होती. मानेवरून काळी पिसं छातीखाली लोंबत होती. लालभडक डोळा, आणि डोळ्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा झुपका वाऱ्यावर हलत होता. एकाने पंख झटकले आणि उगाचच दोन उड्या मारल्या, तर शेजारच्यानेही मारल्या. मग सगळीकडे उड्या सुरू झाल्या. निघायच्या दिवशी घरात पोरं अशीच करतात. दादांनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडलंच नाही.

ऊन चढलं. करकोचे गप्प होते. सगळा थवा माना वर करून जणू कशाची तरी वाट बघत होता. हवा तापायची वाट बघतात, हे मला वाचून माहीत होतं, दादांना बांधावर उभं राहून. बराच वेळ गेला. होडीवाल्याने डोक्यावर पंचा ओढला. आणि मग एक उठला, पाठोपाठ दोन, आणि मग सगळे. आमच्या डोक्यावरूनच ते वर गेले, पंख न हलवता, गोल गोल, एकाच्या वर एक, आणि दुसऱ्या फेऱ्याला त्यांनी तोंड उघडलं.

तो आवाज मी आधी कधी असा ऐकला नव्हता. जाड, खरखरीत, गळ्यात घोळून बाहेर पडणारा, आणि असे शेकडो गळे. सगळं आभाळ वाजत होतं. होडीवाला तोंड उघडं टाकून वर बघत होता. मी दादांकडे वळले.

दादा वर बघत होते. चेहऱ्यावर आनंद होता, पण तो डोळ्यांनी बघण्याचा आनंद होता. त्यांनी वरची नजर न काढता उजवा हात उचलला आणि बोट हवेत गोल फिरवलं. चालू आहे का?

क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. अजून ओरडत नाहीयेत, पुढच्या वर्षी ओरडतील. पण त्यांनी खाली बघितलं आणि माझा चेहरा वाचला. तो त्यांना चांगला वाचता येतो. ते परत वर बघत राहिले, थवा तापलेल्या हवेत लहान लहान होत जाईपर्यंत, आणि वर पोचून त्याची एक लांब रेघ वायव्येकडे वळेपर्यंत.

मग त्यांनी छत्री उचलली. लाकडी मूठ कानामागच्या हाडावर टेकवली आणि टोक माझ्या गळ्याला लावलं. होडीवाला दचकून उठलाच. पण मला कळलं. आभाळातल्या मशीनपर्यंत हात पोचत नव्हता, तेव्हा जे मशीन हाताशी होतं त्याला ते पेचकस लावत होते. मी घसा खाकरला आणि जसा ऐकला होता तसा आवाज काढला. शाळेतला सगळा जोर लावून. “क्रर्र! क्रर्र!”

दादांनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडले आणि एका तळहाताने दुसरा पुसून टाकला. नापास.

मी पुन्हा काढला. अजून जाड, अजून घशातून. त्यांनी पुन्हा तळहात पुसला, आणि तोही चिडून. मग छत्री खाली ठेवली आणि त्या बेटावर पहिल्यांदाच तोंडाने बोलले. “तसं नसतं गं. मधे तुटतं ते. आधी पोटातून, मंग तुटून वर.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जो आवाज ऐकायला हा माणूस इतकी वर्षं धडपडत होता, तो त्याच्याजवळ होता. मी काढलेला चुकीचा आहे हे त्याला हाडातून कळत होतं, म्हणजे बरोबर कोणता ते आत कुठेतरी तसंच शाबूत होतं.

दादांनी इकडेतिकडे बघितलं. चिखल मोकळा झाला होता. बदकं लांब पलीकडच्या काठाला होती. घाबरून उडेल असं जवळ काहीच नव्हतं, आणि नजर लावून बघणारं कुणी नव्हतं. ते उंचवट्यावर चढले, तोंडाभोवती दोन्ही हात धरले, आणि ओरडले.

होडीवाल्याच्या हातातला होडी रेटायचा बांबू पडला. मी वर बघितलं, कारण मला खरंच वाटलं की एक मागे राहिला. तोच आवाज होता, थोड्या वेळापूर्वी आभाळभर वाजलेला, पोटातून निघून मधे तुटणारा, फक्त एकट्याचा. दादांनी पुन्हा हाक दिली. तिसऱ्यांदा दिली. गळ्याच्या शिरा ताणून, टाचा उचलून, पाण्याच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचेल अशी. घरात कुजबुजणारा, लग्नात कोपऱ्यात बसणारा माझा बाप.

थवा फिरला नाही. रेघ तशीच सरळ गेली आणि दिसेनाशी झाली. दादांनी ती जाऊ दिली. मग ते माझ्याकडे वळले, धापा टाकत, कपाळावर घाम, आणि त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं. चालू होतं का? त्यांना स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू आला नव्हता. तो निघाला की नाही, निघाला तर कसा, हे ते मला विचारत होते.

मी डावा तळहात पुढे धरला आणि उजवी मूठ त्यावर आपटली, इतक्या जोरात की घरी पोचेपर्यंत तळहात झिणझिणत होता.